जग वाचताना: देश, माणसं आणि उद्याचा काळ यांवरच्या पुस्तकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी दूरदेशी जाऊन येतं, कुणी परक्या माणसांत वर्षानुवर्षं राहतं, कुणी पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज बांधतं आणि मग पुस्तक लिहितं. अशा पुस्तकांबद्दल वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची ही उत्तरं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न एका ओळीत उरकण्यासारखे नाहीत. बहुतेक सगळी उत्तरं तीनच गोष्टींपाशी येऊन थांबतात: लिहिणारा तिथे किती काळ होता, कोणत्या भाषेत बोलला आणि कुणाच्या भरवशावर लिहितोय.

ही सगळी प्रवासवर्णनंच नाहीत का?

नाहीत. प्रवासवर्णनात लेखक चालत असतो. आज इथे, उद्या तिथे. संस्कृतीवरच्या पुस्तकात तो एका जागी मुक्काम ठोकतो आणि तीच माणसं, तेच सण, तीच भांडणं पुन्हा पुन्हा बघतो. भविष्यावरच्या पुस्तकात त्याला कुठे जावंच लागत नाही. लोकसंख्या, हवामान, तंत्रज्ञान यांचे आकडे समोर ठेवून तो पुढचं मांडतो. एकाच पुस्तकात तिन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात, पण पारख करायची पट्टी प्रत्येकाची वेगळी. प्रवाशानं काय पाहिलं ते तपासायचं, मुक्काम करणाऱ्याला काय समजलं ते तपासायचं, आणि अंदाज बांधणाऱ्यानं काय गृहीत धरलं ते तपासायचं.

सुरुवात कुठून करू?

लहान जागेवरच्या पुस्तकापासून. एक बेट, एक नदी, एक शहर, एक रेल्वेमार्ग, असं काहीतरी. नवे वाचक सहसा उलटं करतात: अख्ख्या मानवजातीचा इतिहास एका खंडात सांगणारं जाडजूड पुस्तक आधी उचलतात. ती पुस्तकं वाईट असतात असं नाही. वाचायला तर फारच रंगतदार असतात. अडचण अशी की दहा हजार वर्षं पाचशे पानांत बसवताना प्रत्येक खंडाच्या वाट्याला मोजकी पानं येतात, आणि ज्या मुद्द्यावर तज्ज्ञ वर्षानुवर्षं वाद घालताहेत तो एका ठाम वाक्यात निकालात निघतो. नव्या वाचकाला ते वाक्य वादग्रस्त आहे हे कळायला मार्गच नसतो. चार-पाच लहान पुस्तकं झाली की मोठ्या पुस्तकातल्या निदान त्या चार-पाच जागांवर तरी तुम्ही लेखकाला जाब विचारू शकता. तिथे तो घसरला असेल, तर बाकीच्या ठिकाणीही सावध राहायचं.

आता सगळं जग व्हिडिओत दिसतं. मग पुस्तक कशाला?

दिसतं, हे खरं. पण दिसणं आणि कळणं यांत किती अंतर असतं, याचं एक उदाहरण घ्या.

पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात दोनदा लांब मुक्कामाला होता. तिथली माणसं होडीत बसून धोकादायक समुद्र ओलांडत, दुसऱ्या बेटावरच्या ठरलेल्या माणसाला शिंपल्यांचा हार देत आणि कालांतरानं त्याच्याकडून शिंपल्यांचं कडं घेत. कॅमेऱ्यात एवढंच आलं असतं: दोन माणसं, एक हार, एक कडं. तिथे राहून, भाषा शिकून, बेटाबेटांवरून माहिती जुळवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हार सगळ्या बेटांच्या वर्तुळात घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात आणि कडी उलट दिशेनं. कुणीही ती कायमची ठेवून घेत नाही. काही काळ बाळगायची, मिरवायची आणि पुढे द्यायची. नामांकित हारांना स्वतःची नावं असतात, इतिहास असतो. प्रत्येक माणसाला आपले देणारे-घेणारे ठाऊक असत. पूर्ण वर्तुळाचा आराखडा मात्र मालिनोव्हस्कीनं असा तुकडे जोडून उभा केला. १९२२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचा मोठा भाग याच एका व्यवहाराला वाहिलेला आहे.

असं वर्तुळ दिसायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ पुस्तकात साठलेला असतो. व्हिडिओ जरूर बघा, विशेषतः पुस्तक वाचून झाल्यावर. मग चौकटीत काय आलं नाही, हे आपसूक लक्षात येतं.

लेखक खरं सांगतोय की रचून, हे ओळखायचं कसं?

माझ्या मते या सगळ्या वाचनाचा हा गाभा आहे.

आधी हेरोडोटस बघू. इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या या ग्रीक लेखकानं भारतात सोनं उकरणाऱ्या, कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या असतात असं लिहून ठेवलंय. तेवढं वाचून त्याला भाकडकथा सांगणारा ठरवणं सोपं आहे. पण त्याच ग्रंथात दुसरी एक नोंद आहे. इजिप्तच्या नेको राजानं काही फिनिशियन खलाशांना आफ्रिकेला वळसा घालायला पाठवलं. परत आल्यावर ते म्हणाले, की पश्चिमेकडे जाताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता. हेरोडोटस म्हणतो, दुसऱ्या कुणी विश्वास ठेवला तर ठेवो, मला हे पटत नाही.

आता नकाशा घ्या. पश्चिमेकडे तोंड केलं की उजवा हात उत्तरेला येतो. भूमध्य समुद्राच्या काठावर राहणाऱ्याला दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला दिसतो, त्यामुळे त्याला ही थाप वाटणारच. पण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी दुपारचा सूर्य खरोखरच उत्तरेला असतो. ते खलाशी विषुववृत्त ओलांडून गेले असावेत, याचा सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे हेरोडोटसनं अविश्वास दाखवत नोंदवलेली हीच गोष्ट. ती त्यानं गाळली असती तर आपल्या हाती काहीच उरलं नसतं. म्हणून ओळखीची पहिली खूण ही: स्वतःला न पटलेलं, न समजलेलंही जो लिहून ठेवतो, त्याच्यावर थोडा जास्त विश्वास टाकावा.

दुसरी खूण म्हणजे पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवणं. इब्न बतूता १३२५ साली टँजिअरहून निघाला, जवळजवळ तीस वर्षं फिरला, दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी होता. परतल्यावर त्यानं आठवणी सांगितल्या आणि इब्न जुझय या लेखनिकानं त्या लिहून काढल्या. दमास्कस आणि मक्केच्या वर्णनातले काही भाग त्याआधी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या इब्न जुबैर या प्रवाशाच्या लेखनातून उचललेले आहेत. म्हणून इब्न बतूता खोटा ठरत नाही. दिल्लीच्या दरबाराबद्दल तो जे सांगतो ते अनुभवाचं आहे आणि इतिहासकारांना आजही त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. मात्र एकाच पुस्तकातली सगळी पानं सारख्या तोलाची नसतात, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

आजच्या पुस्तकांसाठी काही सरळ तपासण्या आहेत. लेखकाला भाषा येत नसताना गावकऱ्याचे लांबलचक, घोटीव संवाद अवतरणचिन्हांत येतात का? दुभाषाचा उल्लेख आहे का? तारखा, ऋतू, अंतरं एकमेकांशी जुळतात का? भेटलेला प्रत्येक माणूस लेखकाच्या सिद्धान्ताला दुजोरा देणारंच बोलतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, की मी ते पुस्तक बाजूला ठेवते. खऱ्या माणसांत कुणीतरी विरुद्ध बोलणारं भेटतंच.

मार्को पोलो चीनला गेलाच नव्हता म्हणतात, ते खरं का?

शंका जुनी आहे: त्याच्या पुस्तकात चहा नाही, चीनची भिंत नाही. पण आज दिसणारी दगडी भिंत बहुतांशी त्याच्यानंतरच्या मिंग राजवटीतली. उलट कागदी चलनाबद्दल त्यानं जे तपशील दिलेत ते चिनी नोंदींशी जुळतात. तो गेला होता, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. वाचताना ध्यानात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. हे पुस्तक त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाही. जिनोआच्या कैदेत असताना, १२९८च्या सुमारास, त्यानं ते रुस्तिकेल्लो या सहकैद्याला सांगितलं, आणि रुस्तिकेल्लोचा पेशा शूरवीरांच्या अद्भुत कथा लिहिण्याचा. काही प्रसंगांत वीरकथेचा थाट दिसतो, तो व्यापाऱ्याच्या तोंडचा वाटत नाही.

मोहिमांच्या पुस्तकांत एकच नायक का असतो? बाकीचे कुठे जातात?

फार चांगला प्रश्न, आणि प्रत्येक मोहिमेचं पुस्तक वाचताना विचारावा असा. वाट कुणी दाखवली, ओझं कुणी उचललं, दुभाषा कोण होता, स्वयंपाक कोण करत होतं?

कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर तुपाया नावाचा पॉलिनेशियन पुरोहित आणि दर्यावर्दी होता. १७६९ साली ताहितीहून तो जहाजावर चढला. त्याच्या डोक्यात पॅसिफिकमधल्या कितीतरी बेटांची दिशा आणि अंतरं पक्की होती. त्याच्या सांगण्यावरून तयार झालेला बेटांचा नकाशा आजही अभ्यासला जातो. न्यूझीलंडला पोचल्यावर माओरींशी बोलणं शक्य झालं ते त्याच्यामुळे. १७७० साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, तो आजारानं गेला. लोकप्रिय पुस्तकांत त्याच्या वाट्याला बराच काळ ओझरता उल्लेखच आला.

नैन सिंह रावत यांची गोष्ट तर प्रत्येकानं वाचावी. कुमाऊँमधले हे शिक्षक १८६५-६६ साली वेश पालटून, ब्रिटिश सर्वेक्षण खात्यासाठी तिबेटात शिरले आणि ल्हासापर्यंत पोचले. परक्यांना तिथे मज्जाव होता, मोजणीची साधनं उघड बाळगणं जिवावर बेतलं असतं. म्हणून पाऊल ठरावीक अंतराचंच पडेल असा त्यांनी सराव केला. हातातल्या जपमाळेत १०८ऐवजी १०० मणी ठेवले होते. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात. उंची मोजायला पाणी उकळायचं आणि ते किती तापमानाला उकळतं ते बघायचं, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. एवढं सगळं करून, पहिल्या अहवालांत त्यांचं नाव गुप्ततेसाठी दडवलेलं होतं. उल्लेख नुसता ‘पंडित’. १८७७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. त्यानंतरही मध्य आशियाच्या शोधांच्या बऱ्याच पुस्तकांत ते तळटीपेतच राहिले, याची मला अजून चीड येते.

साहसाच्या पुस्तकांत संकटांवर संकटं येतात. खरंच असं असतं का?

सुरळीत पार पडलेल्या मोहिमेचं पुस्तक सहसा गाजत नाही, म्हणून तसं वाटतं. दक्षिण ध्रुवाचंच बघा. रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला. कुत्र्यांच्या गाड्या, वाटेत नीट खुणा केलेले अन्नसाठे, चोख तयारी. सगळे सुखरूप परतले. रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ला पोचला आणि परतीच्या वाटेवर तो व त्याचे चारही साथीदार मरण पावले. अमुंडसेनचं पुस्तक शांत, हिशेबी आहे. ते आज कमी लोक वाचतात.

स्कॉटच्याच तुकडीतला तरुण ॲप्सली चेरी-गॅरार्ड जिवंत राहिला आणि १९२२ साली त्यानं लिहिलेलं पुस्तक या प्रकारातलं शिखर मानलं जातं. त्यातला सर्वांत हलवून टाकणारा भाग ध्रुवाचा नाहीच. १९११च्या हिवाळ्यात तिघं जण, चोवीस तास अंधार असताना, उणे ६० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला गेले. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यातला दुवा अंड्यातल्या गर्भात दिसेल, अशी तेव्हा आशा होती. पाच अंडी मिळाली, दोन वाटेत फुटली, तीन पोचली. लंडनच्या संग्रहालयात चेरी-गॅरार्ड स्वतः ती घेऊन गेला तेव्हा त्याला फारसं कुणी विचारलंही नाही. बरोबरचे दोघे, विल्सन आणि बॉवर्स, तोवर स्कॉटसोबत बर्फात गेलेले होते.

दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत असं मी सुचवेन. एकात मोहीम कशी यशस्वी होते ते कळतं, दुसऱ्यात माणूस कशासाठी जिवावर उदार होतो ते.

परक्या समाजाबद्दल लिहायला किती दिवसांचा मुक्काम पुरेसा?

दिवसांत उत्तर देणं कठीण, पण तीन आठवड्यांत ‘अमुक देशाचा आत्मा’ सापडल्याचा दावा असेल तर सावध व्हावं. निदान सगळे ऋतू, एक लग्न, एक मृत्यू आणि एक भांडण पाहिलं असेल, तर लेखकाला काही बोलायचा हक्क येतो.

लांब मुक्कामानंही प्रश्न संपत नाहीत, हे मार्गारेट मीड या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या उदाहरणावरून दिसतं. १९२५ साली ती सामोआला गेली, सुमारे नऊ महिने राहिली आणि १९२८ साली तिथल्या किशोरवयीन मुलींवर पुस्तक लिहिलं. वयात येताना होणारी घुसमट अटळ नसते, ती समाजावर अवलंबून असते, हे तिचं म्हणणं जगभर गाजलं. तिच्या मृत्यूनंतर, १९८३ साली, डेरेक फ्रीमन या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञानं अख्खं पुस्तक लिहून तिला खोडून काढलं. पुढे तर मुलींनी तिची फसवणूक केली असंही तो म्हणाला. मग इतर अभ्यासकांनी मीडच्या मूळ टिपणवह्या तपासल्या आणि फ्रीमनचाही आरोप लंगडा ठरवला. मीडचे काही निष्कर्ष घाईचे होते, पण ती फसली होती असं तिच्या नोंदींवरून दिसत नाही, असा आजचा साधारण कल आहे.

गाजलेलं पुस्तक हातात घेण्याआधी त्याला कुणी उत्तर दिलंय का, हे शोधायची सवय लावून घ्या. उत्तर असेल तर तेही वाचा, आणि त्या उत्तराला आलेलं उत्तरही.

परक्यानं लिहिलेलं वाचावं की तिथल्याच माणसानं?

दोन्ही. आतल्या माणसाला जे इतकं सवयीचं असतं की सांगावंसंच वाटत नाही, ते परका टिपतो. परक्याला जे आयुष्यभर कळणार नाही, ते आतला सहज बोलून जातो.

परक्यानं कसं लिहावं याचा माझ्या दृष्टीनं आदर्श म्हणजे मध्य आशियातला विद्वान अल्-बिरुनी. साधारण १०३०च्या सुमारास पूर्ण झालेल्या भारतावरच्या ग्रंथासाठी तो संस्कृत शिकला, पंडितांसोबत बसला, ग्रंथ वाचले. हा वादासाठी लिहिलेला ग्रंथ नाही, त्यांचं म्हणणं आहे तसं मांडेन, असं त्यानं सुरुवातीलाच जाहीर केलं. इथलं समजून घेणं आपल्याला का अवघड जातं याची कारणंही मांडली. भाषेची अडचण त्यात आधी. तो टीकाही करतो, पण आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकवून.

आणि नजर नेहमी पश्चिमेकडूनच पूर्वेकडे असते असंही नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, देशभर हिंडल्या आणि १८८९ साली त्यांचं अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं मराठी पुस्तक प्रसिद्ध झालं. राज्यव्यवस्था, शाळा, घरं, स्त्रियांच्या संस्था, सगळ्याचं बारकाईनं वर्णन. ज्याचं कौतुक वाटलं त्याचं मोकळेपणानं केलं, आणि मूळच्या रहिवाशांना व कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोट ठेवायलाही त्या कचरल्या नाहीत. परक्या देशाकडे ना भारावून, ना आकसानं बघायचं कसं, हे मराठीत शिकायचं तर इथून सुरुवात करावी.

जुन्या पुस्तकांत ‘रानटी’, ‘मागास’ असले शब्द येतात. ती वाचावीत का?

वाचावीत, पण सालाकडे लक्ष ठेवून. अशा पुस्तकात दोन गोष्टी एकत्र असतात: त्या काळच्या जागेची नोंद आणि त्या काळच्या लेखकाचा अहंकार. पहिली दुसरीकडे मिळत नाही. ह्युएनत्सांग सातव्या शतकात भारतभर फिरला आणि कुठून कुठे, किती अंतरावर, कोणत्या दिशेला, हे नोंदवत गेला. बाराशे वर्षांनंतर अलेक्झांडर कनिंगहॅम या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं असल्याच चिनी प्रवाशांच्या नोंदी हाताशी धरून श्रावस्तीसारखी विस्मरणात गेलेली ठिकाणं शोधली. जुनं म्हणून कुणी फेकून दिलं असतं तर?

नावांचा गोंधळ होतो, तो सोडवायला सोपा. बर्मा १९८९पासून म्यानमार, स्वाझीलँड २०१८पासून एस्वातिनी, सोव्हिएत संघ १९९१नंतर नाहीच.

भविष्यावरची पुस्तकं म्हणजे सुशिक्षितांचं ज्योतिषच ना?

काही आहेत तशी. सगळ्यांना एका मापानं मोजू नये.

१९६८ साली पॉल एर्लिक या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाच्या लोकसंख्येवरच्या पुस्तकानं खळबळ उडवली. १९७०च्या दशकात कोट्यवधी माणसं भुकेनं मरतील, आता काहीही केलं तरी ते टळणार नाही, असं त्यात सुरुवातीलाच होतं. दुष्काळ पडले, माणसं गेली, पण सांगितलेल्या प्रमाणावर ते घडलं नाही. तेव्हा जगाची लोकसंख्या साधारण साडेतीनशे कोटी होती. नोव्हेंबर २०२२मध्ये ती ८०० कोटींवर पोचली. मधल्या काळात गहू-तांदळाची नवी वाणं, खतं, सिंचन यांनी पिकाचं गणितच बदललं. नव्या गव्हासाठी नॉर्मन बोरलॉग यांना शांततेचं नोबेल १९७० साली, म्हणजे पुस्तकानंतर दोनच वर्षांनी मिळालं. वाणं पुस्तक लिहिताना शेतात होतीच. लेखकाच्या हिशेबात ती पुरेशी धरलेली नव्हती.

पुढे १९८० साली अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी एर्लिक यांच्याशी पैज लावली: दहा वर्षांत तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन महाग होतील की स्वस्त? महागाई वजा जाता १९९०मध्ये पाचही धातू स्वस्त झालेले होते, आणि एर्लिक यांनी ५७६.०७ डॉलरचा धनादेश पाठवला. ही गोष्ट ‘भविष्याची काळजी करणारे नेहमी हरतात’ असं सांगायला वापरतात. अर्धीच सांगतात. दहा वर्षांचा दुसरा एखादा टप्पा निवडला असता तर बऱ्याचदा एर्लिक जिंकले असते, हे नंतर तपासून दाखवलं गेलं आहे. काळाची खिडकी कुठे उघडायची यावर निकाल ठरतो. भविष्यावरचं पुस्तक वाचताना लेखकानं आलेख कुठल्या सालापासून सुरू केलाय, हे आवर्जून बघा.

आणखी एक कसोटी. राजकीय अंदाज वर्तवणाऱ्या २८४ तज्ज्ञांची भाकितं फिलिप टेटलॉक यांनी जवळपास वीस वर्षं गोळा करून तपासली आणि २००५ साली निष्कर्ष मांडले. एकाच मोठ्या कल्पनेनं सगळं उलगडणारे तज्ज्ञ जास्त चुकले; अनेक छोट्या गोष्टी जोखत, ‘कदाचित’, ‘पण’ म्हणत जाणारे कमी चुकले. प्रसिद्धी आणि अचूकता यांचं नातं तर उलटंच निघालं. पुस्तकाच्या वेष्टणावर जे शब्द खपतात ते नेमके पहिल्या गटाचे असतात.

चुकलेल्या भाकितांचं पुस्तक आता वाचून काय मिळणार?

बरंच काही. १९३०च्या मंदीत अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी एका निबंधात म्हटलं, की शंभर वर्षांत प्रगत देशांतलं राहणीमान चार ते आठ पटींनी वाढेल आणि माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. पहिलं बऱ्याच अंशी खरं झालं, दुसरं कुठेही नाही. उत्पन्न वाढलं की माणूस कामाचे तास कमी करेल, हे ते धरून चालले होते. ते का घडलं नाही, या प्रश्नावर आजही अभ्यास चालू आहे. बरोबर निघालेल्या भाकितातून क्वचितच एवढा चांगला प्रश्न मिळतो.

१९७२ साली वाढीच्या मर्यादांवर आलेला अभ्यासही असाच चुकीचा वाचला जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या गटानं संगणकावर लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि साधनसंपत्ती यांची सांगड घालून ‘असं वागलात तर असं, तसं वागलात तर तसं’ अशा अनेक वाटा दाखवल्या. टीकाकारांनी त्यातली एक वाट उचलली आणि भाकीत फसलं म्हणून सांगितलं. भाकीत आणि शर्त यांतला फरक पुस्तकात असतो. चर्चेत तो हरवतो.

नकाशा जवळ ठेवावा का?

ठेवाच, आणि शक्य असेल तर पृथ्वीगोल. भिंतीवरच्या नकाशात बहुधा १५६९च्या मर्केटर पद्धतीची सावली असते. ती पद्धत जहाजाला दिशा धरायला उत्तम, पण ध्रुवांकडचे प्रदेश फुगवते. त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. आफ्रिका ‘एक देश’ असल्यासारखं लिहिणारी पुस्तकं एवढी खपतात, त्यात या चित्राचाही वाटा असावा असं मला वाटतं.

अनुवाद वाचावा की इंग्रजी?

ज्या भाषेत तुम्ही न थकता शंभर पानं वाचता, त्या भाषेत. फक्त अनुवाद संक्षिप्त आहे का, ते आतल्या पानावर बघून घ्या. अनेकदा नकाशे, टिपा आणि सूची गाळलेल्या असतात, आणि या प्रकारच्या पुस्तकांत अर्धा जीव तिथेच असतो. अरबी, चिनी किंवा रशियन पुस्तक इंग्रजीवरून मराठीत आलेलं असेल, तर ते तसं छापलेलं असावं. नसेल तर प्रकाशकाला विचारायला संकोच करू नका.

पूर्ण वाचलंच पाहिजे का?

नाही. सूची असलेलं पुस्तक हवं तिथून उघडता येतं. प्रवासाचं पुस्तक मात्र सलग वाचावं. लेखकाचं मत वाटेत कसं बदललं ते मधूनच वाचलं तर कळत नाही.

एका देशावर किती पुस्तकं वाचली की मत बनवावं?

मी तीन म्हणते: एक तिथल्या माणसानं लिहिलेलं, एक लांब मुक्काम केलेल्या परक्याचं, आणि एक किमान पन्नास वर्षं जुनं. तिघं एकमेकांशी जिथे भांडतात ती पानं खूण करून ठेवा. त्या देशाबद्दल पुढे काय वाचायचं ते त्या भांडणांतूनच ठरतं.

मुलांना कधीपासून द्यावीत?

नकाशा उलगडून त्यावर बोट फिरवण्यात रस वाटू लागला की लगेच. मुलांसाठी सोपं करून लिहिलेली मोहिमांची पुस्तकं चालतात, पण वाचताना ‘बरोबर आणखी कोण कोण होतं?’ एवढं विचारत जा.

टिपणं कशी ठेवावीत?

मी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं चार ओळी लिहिते: लेखक तिथे कोणत्या साली होता, किती काळ, भाषा येत होती का, आणि पुस्तक किती वर्षांनी लिहिलं. ही माहिती प्रस्तावनेत असते, कधी आभारांत लपलेली असते. दुभाषाचं नाव तर बहुधा तिथेच सापडतं. भविष्यावरच्या पुस्तकाला पाचवी ओळ लागते: कोणत्या सालापर्यंत काय घडेल म्हणतोय. ते साल उलटलं की पुस्तक पुन्हा उघडायचं.

छापील घ्यावं की ई-पुस्तक?

नुसता मजकूर असेल तर काहीही. नकाशे, वंशवृक्ष, आलेख असतील तर छापील. लहान पडद्यावर दुमडीचा नकाशा दोन पानांत तुटतो, आणि नेमकी ज्या खिंडीतून वाट जाते ती मधल्या फटीत जाते. ई-पुस्तकच परवडत असेल, तर नकाशांची पानं वेगळी छापून जवळ ठेवा.